संगणकाची आगोट

वैशाख सरत आला, की आमच्या रेवदंड्यात घरोघरी एकच लगबग दिसू लागते. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर अजून ऊन रखरखत असते. आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. परंतु अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या असतात, कोळीवाड्यात बोंबील आणि सुकट पसरलेली असते, माजघरातील बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या असतात. तांदूळ, डाळी, आमसुले, पापड, चुलीसाठी वाळलेल्या झावळ्या, असे सारे काही पाऊस येण्यापूर्वी घरात येऊन पडले पाहिजे. पावसाळ्याच्या या बेगमीस आमच्या रायगड जिल्ह्यात ‘आगोट’ असे म्हणतात. एकदा मृगाच्या सरी कोसळू लागल्या आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, की पूर्वी या आगोटीवरच घर चाले. आता दुकाने बारमाही उघडी असतात, तरी आगोट भरण्याची रीत मात्र सुटलेली नाही.

आमच्या घरी आगोट भरण्याचे काम माझी आई करी. तिचे तीन नियम होते. पहिला नियम असा, की प्रत्येक बरणीवर ती भरल्याची तिथी लिहावी. दुसरा असा, की जागा असेल तेवढेच साठवावे. जे कोणी वर्षभर मागितले नाही, त्यास माळ्यावर जागा देऊ नये. आणि तिसरा असा, की मधूनमधून झाकणे उघडून पाहावीत व जे बिघडले असेल ते तत्काळ बाहेर काढावे. “साठवण असावी, पण ती आंधळी नसावी,” असे ती म्हणे. आई शाळेत फारशी गेलेली नव्हती आणि संगणक तर तिने पाहिलाही नाही. तथापि तिचे हे तीन नियम संगणकासही जसेच्या तसे लागू पडतात, हे मला म्हातारपणी कळले. ते कसे, हेच या पाठात सांगावयाचे आहे.

मुलांनो, संगणकावर किंवा मोबाइलवर एखादे संकेतस्थळ पाहण्यासाठी जो कार्यक्रम आपण उघडतो, त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्याचीच निरनिराळी नावे होत. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील एका संशोधनसंस्थेत काम करीत असताना जगभरची पाने एकमेकांस जोडण्याची कल्पना मांडली आणि पुढे पहिला ब्राउझरही त्यानेच तयार केला. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी ती टेलिफोनच्या तारेवरून येई आणि इतकी मंद असे, की एखादे मोठे चित्र वरपासून खालपर्यंत उमटेतो मनुष्याचा चहा पिऊन होई.

आपण ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहितो, तेव्हा नेमके काय घडते? ते पान आपल्या संगणकात नसते. ते दूर कोठेतरी, सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकावर ठेवलेले असते. तो सर्व्हर मुंबईत असेल, हैदराबादेस असेल किंवा अमेरिकेतही असेल. ब्राउझर त्यास निरोप धाडतो, “अमुक पान द्यावे.” हा निरोप काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने जातो. परदेशी जाणाऱ्या निरोपांसाठी समुद्राच्या तळावरून जाड तारा टाकलेल्या आहेत. त्यांपैकी कित्येक मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याशी येऊन मिळतात. काचेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेव्हा एका खेपेस वेळ तो कितीसा लागणार, असे तुम्ही म्हणाल. परंतु एका पानासाठी एकच खेप पुरत नाही. त्यात मजकूर असतो, चित्रे असतात, अक्षरांचे वळण असते, रंग व मांडणी यांच्या सूचना असतात. या प्रत्येक वस्तूसाठी वेगळी मागणी करावी लागते. पाहुण्यास एक पेला पाणी द्यावयाचे असेल, तर एक खेप पुरते. पण पंक्तीस वाढावयाचे असेल, तर वाढप्यास कितीतरी खेपा घालाव्या लागतात. तसेच हे आहे.

येथे एक लहानसे गणित करू. समजा, एका शाळेच्या संकेतस्थळाचे पान २,००० किलोबाइटचे आहे. त्यात दररोज बदलणारा मजकूर केवळ १०० किलोबाइट आहे. उरलेले १,९०० किलोबाइट म्हणजे शाळेचे बोधचिन्ह, इमारतीचे छायाचित्र आणि मांडणीच्या सूचना. त्या वर्षभर तशाच राहतात. तुम्ही हे पान दहा वेळा पाहिले आणि प्रत्येक वेळी सारे नव्याने आणविले, तर २०,००० किलोबाइट आणावे लागतील. परंतु न बदलणारा भाग पहिल्या खेपेसच घरात ठेवून घेतला, तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढील नऊ वेळी प्रत्येकी १००, असे एकूण २,९०० किलोबाइट पुरतील. म्हणजे सुमारे सातपट काटकसर झाली. पान झटकन उघडले, पैसे वाचले आणि सर्व्हरचे श्रमही वाचले.

ब्राउझर नेमके हेच करतो. आणलेल्या वस्तूंची एकेक प्रत तो संगणकाच्या कोपऱ्यात साठवून ठेवतो. या साठ्याला कॅश असे नाव आहे. दुकानदाराच्या गल्ल्यातील रोख पैशांना आपण कॅश म्हणतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हा शब्द ‘लपविणे’ या अर्थाच्या एका फ्रेंच क्रियापदापासून आला. उत्तर अमेरिकेच्या थंड अरण्यांत फिरणारे शिकारी परतीच्या वाटेवर उपयोगी पडावे म्हणून अन्न व सामान जमिनीत पुरून ठेवीत. त्या लपविलेल्या साठ्यास ते कॅश म्हणत. पुढे १९६८ च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला. त्या शिकाऱ्यांची ती आगोटच नव्हती काय?

असा साठा केवळ आपल्या संगणकातच असतो असे नाही. आमचे चौल-रेवदंडा एके काळी मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात रशियाचा प्रवासी अफनासी निकितीन याच बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. अशा बंदरांत व्यापारी लोक वखारी बांधीत. माल दूरदेशाहून एकदा आणावा, वखारीत ठेवावा आणि तेथून गावोगाव पुरवावा, अशी ती पद्धत होती. आज इंटरनेटवरही अशा वखारी आहेत. अमेरिकेतील एखाद्या लोकप्रिय पानाची प्रत मुंबईच्या वखारीत ठेवलेली असते आणि आपणांस ती तेथूनच मिळते. वखारीतला माल जवळ, घरातली आगोट त्याहून जवळ. तत्त्व मात्र एकच: जे पुन्हा पुन्हा लागते, ते हाताशी ठेवावे.

आता आईच्या पहिल्या नियमाकडे वळू. बरणीवर तिथी का लिहावयाची? कारण साठविलेली वस्तू ताजी आहे की शिळी, हे बरणीच्या बाहेरून कळत नाही. संगणकाच्या साठ्याचेही तसेच आहे. म्हणून सुज्ञ संकेतस्थळे प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी पाठवितात. “हे बोधचिन्ह वर्षभर चालेल,” “ही बातमी पाच मिनिटांपुरतीच ताजी समजावी,” “हे बँकेचे पान आहे, ते मुळीच साठवू नये,” अशा आज्ञा त्या चिठ्ठीत असतात. मुदत संपली, की ब्राउझर सर्व्हरला विचारतो, “माझ्यापाशी अमुक प्रत आहे, तीत काही बदल झाला आहे काय?” बदल नसेल, तर सर्व्हर सबंध पान न पाठविता ३०४ हा आकडा पाठवितो. या आकड्याचा अर्थ, ‘बदल नाही, आहे तेच वापरा’. किती थोडक्यात काम झाले पाहा!

परंतु प्रत्येक संकेतस्थळ अशी चिठ्ठी लिहितेच असे नाही. चिठ्ठी नसेल, तर बिचारा ब्राउझर काय करील? तो अंदाज बांधतो. हे पान शेवटी कधी बदलले होते, एवढी तारीख बहुधा त्यास मिळते. जे पान पुष्कळ दिवस बदलले नाही, ते आणखी काही काळ बदलणार नाही, असे तो धरून चालतो. त्याचा ठोकताळा साधारणतः एक दशांशाचा असतो. पान दहा दिवसांत बदलले नसेल, तर ते आणखी एक दिवस तसेच राहील, असे समजून तो घरातलीच प्रत पुढे करतो. हा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो. पण अंदाज तो अंदाजच. तो चुकला म्हणजे काय होते, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे.

दसरा होऊन गेला होता. पावसाळा संपून समुद्र निवळला होता आणि कोळीवाड्यातील होड्या रोज बाहेर पडत होत्या. मी पहाटे बंदरावर फिरावयास जात असे. मोबाइलवर वाचता येते म्हणून मंडळी मला कधी कधी समुद्राविषयीच्या सूचना पाहून सांगावयास लावीत. एका संकेतस्थळावर मच्छीमारांसाठी सूचनांचे एक पान होते. दहा दिवस त्यावर एकच वाक्य होते, ‘कोणताही इशारा नाही’. आदल्या संध्याकाळीही मी ते पाहिले होते. त्या दिवशी पहाटे एका वृद्ध तांडेलाने मला हटकले. “गुरुजी, पाहा बरं जरा.” मी खिशातून मोबाइल काढला, पान उघडले आणि मोठ्या ऐटीने वाचले, “कोणताही इशारा नाही. खुशाल जा.”

तांडेल हलला नाही. तो पश्चिमेकडे पाहत होता. क्षितिजावर ढगांची एक काळसर रेघ होती आणि वारा नसताही लाटा किनाऱ्यावर जड पावलांनी आदळत होत्या. तो म्हणाला, “गुरुजी, तुमचं पान एक सांगतंय आणि दर्या दुसरं सांगतोय. ते पान कधी लिहिलंय?”

मी निरुत्तर झालो. चाळीस वर्षे मुलांना ‘उत्तराखाली तारीख घाला’ असे बजावणाऱ्या मला पानावरील तारीख पाहण्याचे सुचले नव्हते! पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ती होती. ती दहा दिवसांपूर्वीची होती. मी लगबगीने घरी आलो आणि सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातीस हाक मारली. तिने मोबाइल हाती घेतला, पान पुन्हा आणविले आणि माझ्यासमोर धरले. आता तेथे निराळाच मजकूर होता. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले असून मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, अशी ती सूचना होती. ती आदल्या रात्रीच लिहिली गेली होती. “आजोबा,” नात म्हणाली, “तुम्ही वाचलंत ते तुमच्या मोबाइलच्या पोटातलं जुनं पान होतं.”

मी तसाच बंदरावर परतलो. दोन होड्या पाण्यात ढकलल्या जात होत्या, त्या थांबविल्या. त्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला आणि दोन दिवस कोणीही समुद्रावर गेले नाही. कोणाचे काही वाईट झाले नाही. पण ते माझ्या वाचण्यामुळे नव्हे, तर त्या तांडेलाने विचारलेल्या एका प्रश्नामुळे.

येथे दोष कोणाचा? पान लिहिणाऱ्याने मुदतीची चिठ्ठी जोडली नव्हती. ब्राउझरने आपल्या ठोकताळ्याप्रमाणे ‘दहा दिवस शांत, म्हणून आणखी एक दिवस शांत’ असे मानले. आणि मी डोळे मिटून ते खरे धरले. यंत्रास समुद्र ठाऊक नसतो. त्यास केवळ तारखा ठाऊक असतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. ते वादळ ज्याने पाहिले आहे, त्यास एका दिवसाची शिळी सूचना किती महाग पडू शकते, हे सांगावे लागत नाही. म्हणून भारतीय हवामान विभागाच्या प्रत्येक इशाऱ्यावर तो दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. ती आधी वाचावी, मग इशारा वाचावा. पान जुने वाटले, तर ते पुन्हा आणवावे. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल ही कळ दाबून ठेवून एफ ५ ही कळ दाबली, की ब्राउझर घरातला साठा बाजूस ठेवून सर्व्हरकडून ताजे पान मागवितो. मोबाइलवर वळलेल्या बाणाचे चिन्ह असते; ते दाबावे.

आता दुसरा नियम. जागा असेल तेवढेच साठवावे. ब्राउझरच्या कॅशला जागेची मर्यादा घातलेली असते. ती भरत आली, की जी वस्तू पुष्कळ दिवसांत कोणी मागितली नाही, ती तो आपण होऊन टाकून देतो. म्हणून चांगल्या संगणकावर कॅश दररोज पुसत बसण्याची मुळीच आवश्यकता नाही. काही लोक संगणक जरा मंद झाला, की उठल्यासुटल्या सारा साठा रिकामा करतात. भर आषाढात आगोट उकिरड्यावर टाकून रोज भिजत बाजारात जाण्यासारखेच ते आहे. साठा पुसल्यावर प्रत्येक पान प्रथम अधिकच सावकाश उघडते, कारण सारे पुन्हा नव्याने आणावे लागते.

कॅशखेरीज संगणकात तात्पुरत्या फाइलीही असतात. गणित सोडविताना तुम्ही पाटीवर किंवा वहीच्या मागील पानावर कच्चे आकडे मांडता ना? संगणकाचेही तसेच आहे. एखादी फाइल छापताना, गाठोड्यासारखी बांधलेली फाइल उलगडताना किंवा नवा कार्यक्रम बसविताना तो असे कच्चे कागद वापरतो. काम संपले, की ते त्याने फाडून टाकावे, अशी अपेक्षा असते. परंतु पावसाळ्यात मधेच वीज जाते, संगणक एकाएकी बंद पडतो आणि ते कच्चे कागद तसेच पडून राहतात. असा केर वर्षानुवर्षे साचला, तर जागा अडते. तो काढण्याची सोय संगणकातच असते. तिचा उपयोग करावा. अपरिचित फाइली मात्र हाताने एकेक पुसू नयेत. केर समजून घरातली किल्ली फेकली, असे होऊ नये.

किल्लीवरून एक महत्त्वाची गोष्ट आठवली. ब्राउझरच्या साठ्यात कॅशच्या शेजारी आणखी एक वस्तू असते. तिचे नाव कुकी. १९९४ मध्ये लू माँटुली या तरुण अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती योजिली. संकेतस्थळाची स्मरणशक्ती फार दुबळी असते. तुम्ही एक पान पाहून दुसऱ्या पानावर गेलात, की ते तुम्हांस विसरते. म्हणून ते तुमच्या ब्राउझरपाशी एक ओळखचिठ्ठी देऊन ठेवते. पुढील प्रत्येक खेपेस ब्राउझर ती चिठ्ठी दाखवितो आणि संकेतस्थळ म्हणते, “हा तर मघाचाच विद्यार्थी, यास आत सोडा.” हीच कुकी. कॅश हे धान्य आहे, तर कुकी हा प्रवेशाचा बिल्ला आहे. शिळे धान्य पोट बिघडविते. परंतु बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला, तर तो तुमच्या नावाने घरात शिरू शकतो.

आपल्या घरच्या संगणकावर या बिल्ल्याची फारशी भीती नसते. परंतु शाळेतील संगणक, वाचनालयातील संगणक किंवा भाड्याचा संगणक, यांवर एकामागून एक पुष्कळ जण बसतात. समजा, एका मुलीने अशा ठिकाणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि काम झाल्यावर ती नुसती खिडकी मिटून घरी गेली. तिचा बिल्ला तेथेच राहिला. पुढे बसणाऱ्याने तेच संकेतस्थळ उघडले, तर त्यास तिचे नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, कदाचित बँकेच्या खात्याचा क्रमांकही दिसेल. म्हणून परक्या संगणकावरून उठण्यापूर्वी संकेतस्थळातून रीतसर बाहेर पडावे, म्हणजे लॉग आउट करावे. परवलीचा शब्द जपून ठेवू का, असे ब्राउझरने विचारल्यास नाही म्हणावे. आपण उतरवून घेतलेल्या फाइली, म्हणजे प्रवेशपत्र, गुणपत्रक इत्यादी, वेगळ्या जागी साठतात; कॅश पुसल्याने त्या पुसल्या जात नाहीत. त्या आठवणीने काढून टाकाव्यात.

ब्राउझरमध्ये गुप्त खिडकी उघडण्याचीही सोय असते. अशी खिडकी मिटली, की तिच्यातील कुकी, कॅश आणि पाहिलेल्या पानांची यादी नाहीशी होते. परक्या संगणकावर ती उपयोगी आहे. परंतु तिने आपण अदृश्य होतो, असा गैरसमज करून घेऊ नये. तिच्यातून उतरवून घेतलेली फाइल मागे राहतेच. आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी, शाळेचे संगणकजाळे व ज्या संकेतस्थळास आपण भेट दिली ते, यांस आपली ये-जा कळू शकते. ती घरातला माग पुसते, रस्त्यावरचा नव्हे.

शेवटी तिसरा नियम. झाकण उघडून पाहावे आणि बिघडलेले तेवढे काढावे. पान वेडेवाकडे दिसत असेल, चित्रे जागच्या जागी बसत नसतील, नवी सूचना आल्याचे सारे सांगत असताही आपणांस जुनीच दिसत असेल, तर साठा बिघडला असे समजावे. प्रथम पान पुन्हा आणवून पाहावे. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्यात. क्रोम, फायरफॉक्स व एज या ब्राउझरांत त्याने एक चौकट उघडते. तीत किती काळाचा साठा पुसावयाचा ते निवडता येते. गेल्या एका तासाचाही निवडता येतो आणि आरंभापासूनचाही. त्याखाली निरनिराळ्या वस्तूंची नावे असतात: पाहिलेल्या पानांची यादी, कुकी, साठविलेली चित्रे व फाइली आणि काही ब्राउझरांत जपून ठेवलेले परवलीचे शब्दही. येथे घाई करू नये. पान नीट दिसावे एवढाच हेतू असेल, तर केवळ साठविलेल्या चित्रांवर व फाइलींवर खूण करावी. कुकीवर खूण केली, तर बहुतेक संकेतस्थळांतून आपण बाहेर पडू आणि पुन्हा परवलीचे शब्द द्यावे लागतील. परवलीच्या शब्दांवर खूण केली आणि ते अन्यत्र लिहिलेले नसले, तर पश्चात्तापाची पाळी येईल. कुटुंबाचा संगणक असेल, तर वडील माणसांस विचारल्याशिवाय हे करू नये. पुसलेले परत येत नाही.

सारांश, कॅश वाईट नाही आणि ती पुसणे हेही मोठे पुण्यकर्म नाही. ती एक सोय आहे. साठविलेली प्रत कामास वेग देते; परंतु ती खरोखरीची वस्तू नव्हे, ती त्या वस्तूची कालची आठवण असते. शाळेचे बोधचिन्ह कालचे असले तरी चालते. समुद्राचा इशारा, परीक्षेचे वेळापत्रक, गाडीची वेळ या गोष्टी कालच्या चालत नाहीत. कोठे आठवणीवर विसंबावे आणि कोठे पुन्हा विचारावे, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते आपणच ठरवावयाचे असते.

आता मी पहाटे बंदरावर जातो, तेव्हा मोबाइल उघडताच आधी तारीख वाचतो आणि मग मजकूर. तो वृद्ध तांडेल मला पाहून मिश्कीलपणे हसतो आणि विचारतो, “गुरुजी, आजचं आहे ना?” माझी आई असती, तर तिनेही बरणीकडे बोट दाखवून नेमके हेच विचारले असते.

स्वाध्याय

१. ‘आगोट’ म्हणजे काय? ब्राउझरच्या कॅशला लेखकाने आगोटीची उपमा का दिली आहे?
२. लेखकाच्या आईचे तीन नियम कोणते? त्यांपैकी प्रत्येक नियम संगणकास कसा लागू पडतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. बंदरावरील प्रसंगात जुने पान का दिसले? त्यात कोणाकोणाची चूक झाली?
४. कॅश आणि कुकी यांतील फरक सांगा.
५. एक पान ३,००० किलोबाइटचे आहे. त्यातील २,८०० किलोबाइट बदलत नाहीत. ते पान पाच वेळा पाहिल्यास, साठा करून आणि साठा न करता, किती किलोबाइट आणावे लागतील?
६. तुमच्या घरी वस्तू साठविण्याचे कोणते नियम पाळतात? वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहा.